कॉटन मोडतं, सिल्क वळतं

आमच्या चित्रकलेच्या वर्कशॉपमध्ये सरांनी त्या दिवशी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर जुनी साडी नुसती टाकून दिली, घडी नाही काही नाही, अर्धी खुर्चीवर अर्धी फरशीवर, बाजूनी एक पिवळा बल्ब लावला आणि म्हणाले, काढा. आम्ही सतरा-अठरा जण होतो, सगळे कामावरून थेट आलेले, कोणाच्या खांद्याला अजून डब्याची पिशवी लटकून. मी चारकोलची काडी घेतली आणि लागले काढायला, वळ्याच वळ्या, मस्त गोल गोल, सावली पण बोटानी घासून घासून काढली, आणि मनात म्हणलं आज भल्लं जमून राहिलं बाप्पा. बाजूला टेलर ताई बसल्या होत्या. त्या बराच वेळ माझ्या कागदाकडे पाहत होत्या, बोलू का नको असं चाललं होतं त्यांचं, मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका, पण तुमची ही सिल्कची साडी झाली. समोर तर कॉटनची आहे ना."

मी म्हणलं म्हणजे काय?

"कॉटन मोडतं. सिल्क वळतं."

आणि त्या उठल्या, खुर्चीवरच्या साडीचा एक पदर चिमटीत धरला आणि वर उचलून सोडला. "पाहा, हा इथे कोन झाला. कागदाला घडी घातल्यासारखा. सिल्कला असा कोन कधीच नाही पडत, ते घसरत घसरत वळतं, पाण्यासारखं." मग मी नीट पाहिलं. खरंच, त्या साडीत कुठे गोल वळी नव्हतीच, सगळीकडे छोटे छोटे मोड होते, आणि त्या मोडावर उजेड एकदम संपत होता, म्हणजे इकडे उजेड, तिकडे अंधार, मधे काहीच नाही. मी जी बोटानी घासून घासून मऊ सावली काढली होती ना, ती त्या साडीत नव्हतीच कुठे. ती माझ्या डोक्यातून आलेली साडी होती.

सरांनी हे ऐकलं आणि सगळ्यांना थांबवलं, म्हणाले ताई, इकडे या, हे सगळ्यांना सांगा. त्या आधी नाही नाही म्हणत होत्या, मग पंधरा मिनिटं बोलल्या. स्टार्च केलेलं कॉटन कसं उभं राहतं, जॉर्जेट कसं नुसतं खाली लोंबतं, ब्लाउजचा मुंढा कापताना आडवं-उभं सूत का पाहतात, तेच कापड तिरकं धरलं की कसं ताणतं आणि मग त्याचा झोल कसा वेगळा पडतो. मी वीस-बावीस वर्षं साड्या नेसून राहिले, पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

हे सगळं जिथे घडलं त्या जागेबद्दल मला लिहायचंय, खूप दिवसांपासून लिहायचं होतं पण मधे एक गोष्ट अशी झाली की लिहायला मन होईना, ती पण सांगते पुढे.

तर ही जागा म्हणजे नागपुरात गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या अंगाला एक जुनं घर आहे, खालच्या दोन खोल्या आणि मागे टिनाचं शेड, तिथे वस्तीतल्याच चार-पाच जणांनी मिळून छोटी गॅलरी सुरू केली. पुढच्या खोलीत चित्रं लागतात, कधी कॉलेजच्या पोरांची, कधी इथल्याच कोणाची, आणि मागच्या शेडमध्ये मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ वर्कशॉप. फुकट. नाव नोंदवा, या, बसा. कागद तिथलाच, रंग तिथलेच, ब्रश आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात उभे असतात ते आपण घ्यायचे आणि जाताना धुऊन आडवे ठेवायचे. मी बर्डीला एका ऑफिसात अकाउंट्स पाहते, सहाला सुटते, सीताबर्डी स्टेशनवरून ॲक्वा लाइन पकडली की एलएडी चौक, तिथून चालत, बरोबर साडेसहाला पोचते. परत जाताना पुन्हा तीच मेट्रो, सुभाषनगरला उतरायचं. आता हे मेट्रोचं मी उगाच नाही सांगून राहिले, ही वेळ आणि ही जागा जुळली नसती तर मी गेलेच नसते, शनिवार-रविवार बाईला घरून निघणं म्हणजे काय असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ऑफिस आणि घर यांच्या मधला हा दोन तासांचा तुकडा कोणी हिशोबात धरलेलाच नसतो, म्हणून तो मिळतो.

माझी चित्रकला म्हणजे आपल्या सगळ्यांची असते तेवढीच. सातवीत एलिमेंटरी, नंतर इंटरमीजिएट, बी ग्रेड. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, तो ड्रॉइंग बोर्ड घेऊन सायकलवर दुसऱ्या शाळेच्या सेंटरला जायचं, ब्रश धुवायला पाण्याची बाटली, सगळं आठवतं. महाराष्ट्रात लाखो पोरं ही परीक्षा देतात आणि त्यातली बहुतेक सगळी दुसऱ्या दिवशी ब्रश खाली ठेवतात ते कायमचा. माझ्या मुलाला तर शाळेत सरळ सांगितलं की ए ग्रेड आणा, दहावीला ७ मार्क वाढून मिळतात. मार्क मिळाले की संपलं. मला कोणाला दोष नाही द्यायचा, मी पण तशीच थांबले, पण एक पाहिलंय की थांबलेल्या हाताला परत सुरू व्हायला जागाच नसते कुठे. लहान मुलांचे क्लास आहेत गल्लोगल्ली. आर्टिस्ट व्हायचं त्यांच्यासाठी आपलं सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे. पण बेचाळीस वर्षांच्या बाईनी, जिला काही व्हायचं नाहीये फक्त काढायचंय, तिनी कुठे जायचं?

एकदा पैसे भरून गेले होते मी एका ठिकाणी, दोन दिवसांचं होतं. कॅनव्हासवर आधीच फिकट पेन्सिलनी चित्र काढून ठेवलेलं, आपण सांगतील तो रंग सांगतील तिथे भरायचा, संध्याकाळी सगळ्यांच्या हातात तोच सूर्यास्त आणि तेच नारळाचं झाड. ते घरी आणलं, भिंतीला लावलं, आणि महिन्याभरानी काढून ठेवलं. त्यात माझं पाहणं कुठेच नव्हतं.

इथे पहिल्या दिवशी सरांनी कागदाकडे पाहूच दिलं नाही. समोर पितळी लोटा. म्हणाले नजर लोट्याच्या कडेवर ठेवा, मुंगी चालते तशी हळूहळू फिरवा, आणि हात तिकडे कागदावर आपोआप चालू द्या, कागदाकडे मान वळवायची नाही. पाच मिनिटांनी खाली पाहिलं तर लोटा कुठल्या कुठे गेला होता, पण त्याच्या काठाला जो एक चेप होता ना तो बरोब्बर आला होता. तो चेप मी सरळ पाहून काढलं असतं तर कधीच आला नसता, कारण मी लोटा काढला असता, हा लोटा नाही.

आता लोकांबद्दल. कारण खरं तर हे सगळं लोकांबद्दलच आहे.

एक मेकॅनिक दादा येतात, टू-व्हीलरचं गॅरेज आहे त्यांचं, नखांमधलं ऑइल कितीही घासलं तरी जात नाही म्हणून आधी आधी कागदाला हात लावायला लाजायचे. एका शुक्रवारी सरांनी स्मरणचित्र दिलं, म्हणाले समोर काही नाही ठेवत, जे डोळे मिटून दिसतं ते काढा. आम्ही सगळ्यांनी तेच काढलं जे शाळेत काढायचो, बाजार, पाणपोई, पावसातली माणसं, छत्र्या. दादांनी जुन्या स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर काढला, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा तो भाग. उघडून. फ्लोट वेगळा, नीडल वेगळी, जेट वेगळे, स्लाइड आणि तिची स्प्रिंग वर, खाली तो वाटीसारखा भाग आणि त्याचे स्क्रू, सगळे एकाखाली एक जसे खोलल्यावर कापडावर मांडतात तसे. एकही रेघ खोडलेली नाही. सरांनी तो कागद हातात घेतला आणि किती तरी वेळ काही बोललेच नाहीत. दादा म्हणाले, "सर, आता नवीन गाड्यांत हा येऊनच नाही राहिला. धुराचा तो बीएस-६ नियम आला ना २०२० ला, तेव्हापासून फ्युएल इंजेक्शन. माझ्याकडे जो पोट्टा शिकून राहिला त्याले हा खोलताच येत नाही. म्हणलं काढून ठेवाव."

हे काढून ठेवाव, हे जे कारण आहे ना चित्र काढायचं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

पोस्टातून रिटायर झालेले एक काका आहेत. त्यांना अक्षरलेखन आवडतं, बाकी काही काढत नाहीत, चाळीस वर्षं लोकांची अक्षरं वाचली म्हणतात, आता स्वतःचं काढतो. बोरू घेऊन 'ळ' काढत बसतात. नुसता ळ. एका कागदावर पन्नास.

आणि जानेवारीत एकदा महाल भागातून, चितार ओळीतून एक बुजुर्ग मूर्तिकार आले होते. नागपूरच्या लोकांना चितार ओळी सांगायची गरज नाही, गणपतीच्या आधी महिनाभर तिथून गाडी काढणं मुश्किल असतं, पण त्या गल्लीच्या नावातच चितारी आहेत हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. बाकी वर्षभर त्यांना वेळ नसतो म्हणून जानेवारीत बोलावलं. त्यांनी मातीचा एक सपाट तुकडा आणला होता, पांढरा रंग दिलेला, आणि म्हणाले डोळ्यांची आखणी दाखवतो. शेडमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नाही. करंगळी मातीवर टेकवली, तिच्या आधारावर बाकीचा हात हलका अधांतरी, बारीक ब्रश, आणि नाकाच्या बाजूनी सुरू करून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत वरच्या पापणीची एकच रेघ, सुरुवातीला केसासारखी, मधे भरलेली, शेवटी परत केसासारखी. कोणी तरी विचारलं श्वास रोखून धरता का? तर म्हणाले, "नाही. रोखला तं हात कापते. सोडता सोडता काढायची. श्वास संपला का रेघ संपली पाहिजे." मग आम्ही कागदावर करून पाहिलं, सगळे श्वास सोडत होतो, खोलीभर फक्त तोच आवाज. माझी चौथी की पाचवी रेघ थोडीशी, अगदी थोडीशी तशी आली. त्यांनी पाहिली आणि मान हलवली. बस. मला इंटरमीजिएटच्या सर्टिफिकेटचा इतका आनंद नव्हता झाला.

सर पण गोष्टी सांगत असतात मधे मधे, हात चालू असले की. चित्रकार सय्यद हैदर रझा इथे नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९३९ ते ४३, मुंबई-पॅरिस सगळं त्याच्या नंतर. मंडल्याकडच्या त्यांच्या लहानपणीच्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर एक टिंब काढून त्याच्याकडे पाहत बसायला लावलं होतं ही गोष्ट रझा सांगायचे, आणि पुढे त्यांच्या चित्रांत तो बिंदू आला. आणि दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचा तर जन्मच नागपूरचा, १९२४ चा. २०१३ ला मुंबईत त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर विकलं गेलं. यावर सगळे बापरे म्हणले, पण मेकॅनिक दादांनी कोटींचं काही विचारलं नाही, त्यांनी विचारलं रंग लावायचे कशानी. सर म्हणाले ब्रशपेक्षा रोलर जास्त, आणि पॅलेट नाइफ, रंग लावायचा आणि परत खरवडून काढायचा. दादा म्हणाले, "म्हणजे बॉडीवर पुट्टी मारतो आणि घासतो तसं. एकावर एक थर, आणि खालचा थोडा थोडा दिसू द्यायचा." सर म्हणाले, हो, तसंच. मी त्यानंतर फोनवर गायतोंड्यांची चित्रं पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा ती कळल्यासारखी वाटली, आणि ती मला गॅरेजमधल्या पुट्टीमुळे कळली.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात नागपुरात वॉटरकलर करणं म्हणजे काय असतं हे पुस्तकात नाही सापडणार. ४५ डिग्री, हवा कोरडी ठण्ण, कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकायला घ्या, डावीकडून उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं वाळून जातं आणि पट्टे पडतात. त्यात शेडमध्ये कूलर. कूलर लावला तर कागद उडतात आणि रंग अजून लवकर वाळतो, बंद केला तर माणसं शिजतात. सरांनी मग कूलरचं तोंड भिंतीकडे केलं, आणि आम्हाला कागद मागून स्पंजनी ओला करायला लावला, दोन्ही बाजूंनी भिजला की पुठ्ठ्याला चिकटून बसतो आणि वीस मिनिटं तरी दमट राहतो. याउलट जुलै-ऑगस्टमध्ये वाळायचं नावच नाही, वाट न पाहता दुसरा रंग लावला की तो आधीच्यात शिरतो आणि कडेला दातेरी डाग पडतात. तान्ह्या पोळ्याच्या आधी वस्तीतल्या पोरांसोबत लाकडी नंदी रंगवले तेव्हा पण हाच प्रकार, शिंगं वाळेनात, पोरं दर दोन मिनिटांनी बोट लावून पाहायची.

आता ती मधली गोष्ट.

मी अकाउंटवाली म्हणून खर्चाची वही माझ्याकडे आली. २२ बाय ३० इंचाचा मोठा कागद आणायचा आणि त्याचे चार तुकडे करायचे, तरी कागदच सगळ्यात महाग पडतो. लाइट बिल, रंग, चहा. कोणी कोणी डब्यात पैसे टाकतं त्यात भागत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे नावं तीस जण देऊन ठेवायचे आणि यायचे पंधरा, कधी बावीस, कधी नऊ, सरांना तयारी काय करावी कळायचं नाही. तर दिवाळीनंतर मीटिंग झाली आणि कोणी तरी म्हणलं महिन्याला २०० रुपये ठेवू, जास्त नाही, नाममात्र, म्हणजे सिरियस लोक येतील. फुकटची किंमत नसते लोकांना, असं पण एक जण बोलले. आणि मी हात वर केला. मला तेव्हा खरंच ते बरोबर वाटलं. वही माझ्यासमोर होती, आकडे दिसत होते, २०० रुपयात आजकाल दोघांचा नाश्ता होत नाही. फेब्रुवारीपासून सुरू केलं.

वहीच्या हिशोबानी ते एकदम चांगलं झालं. पैसे जमले, हजेरी वाढली, वीस जण ठरलेले आणि वीसच्या वीस यायचे, वेळेवर. नवीन लोक पण आले, छान लोक, मी त्यांच्याबद्दल वाईट काही म्हणत नाहीये, बँकेतल्या एक मॅडम, एक डॉक्टर, दोघी शिक्षिका. स्वतःचे ब्रश घेऊन यायचे. मी महिनाअखेरीला टोटल मारली आणि मला समाधान वाटलं.

मग मार्चमध्ये एका मंगळवारी सरांनी परत ती साडी काढली. तीच खुर्ची, तीच साडी, तोच पिवळा बल्ब. काढा म्हणाले. साडेआठला सगळ्यांनी आपापले कागद भिंतीला टेकवून ठेवले जसे नेहमी ठेवतो, आणि मी लांबून पाहिलं तर वीसच्या वीस कागदांवर सिल्कची साडी होती. गोल गोल वळ्या. मऊ सावल्या. माझ्या पण. मला माहीत होतं तरी माझ्या हातानी परत तेच केलं, कारण बाजूला सांगायला कोणी नव्हतं. आणि खोलीत एकही माणूस असा नव्हता ज्याला ते दिसलं असतं.

मी घरी आले आणि वही उघडून जुनी नावं पाहत बसले. टेलर ताई, जानेवारीनंतर नाही. मेकॅनिक दादा नाही. भाजीच्या ठेल्यावरची ती पोरगी जी टरबुजाची फाक काढायची, नाही. पोस्टातले काका होते, त्यांना पेन्शन आहे. वीस नावं आणि वीसही जण माझ्यासारखे. खुर्चीवर बसून काम करणारे.

शनिवारी मी ताईंच्या दुकानात गेले. लग्नाचा सीझन, ब्लाउजचे ढीग, मशीनवर दोघी पोरी आणि ताई कटिंगला. मला वाटलं होतं २०० रुपये जड झाले असतील आणि मी मनात ठरवून गेले होते की त्यांचे मी भरेन, कोणाला सांगणार नाही. त्यांनी कैची खाली पण नाही ठेवली. म्हणाल्या, "पैशाचं नाही हो मॅडम. २०० रुपये तर मी पोरींच्या चहा-समोश्यावर घालते. पण पैसे भरले की मग खाडा करता येत नाही ना. मनाला लागते ते. आणि सीझनला मला महिना महिना यायला नाही जमत. भरायचं आणि जायचं नाही, हे माझ्यानं नाही होत. त्यापेक्षा नाव काढलेलंच बरं." दादांचं पण थोडं तसंच निघालं, एखाद्या दिवशी गाडी अडकली की गॅरेज बंद करता येत नाही, आणि रात्री नवाला आपले गेलेले पैसे आठवतात.

मी इतकी वर्षं अकाउंट्स करून राहिले आणि मला हे कळलं नव्हतं, की फुकट म्हणजे त्यांच्यासाठी पैसे वाचणं नव्हतंच, फुकट म्हणजे न येण्याची मुभा होती. आणि जे लोक हातानी काम करतात, ज्यांना सीझन असतो, ज्यांचं गिऱ्हाईक सांगून येत नाही, त्यांना ही मुभा असेल तरच येता येतं. माझं काय, मला सहाला सुटायचं असतं तर मी सहाला सुटते. जी तीसातले पंधरा येतात म्हणून आमची तक्रार होती ना, ती गळती नव्हती, तसंच त्यांचं आयुष्य चालतं.

एप्रिलच्या मीटिंगला मी हेच सांगितलं, आणि ते वीस कागद सरांनी ठेवले होते ते पण मांडले. वादावादी झाली. खर्चाचं काय हा प्रश्न खरा आहे, तो अजून पण खरा आहे, मी वही घेऊनच बसले होते. शेवटी असं ठरलं की फी बंद, डबा परत दारात, आणि ज्यांना महिन्याचे ठरवून द्यायचेत त्यांनी आपापले पाकिटात द्यावे, कोणी किती दिले ते वहीत नावानी लिहायचं नाही, फक्त टोटल लिहायची. बँकेतल्या मॅडमनी सगळ्यात आधी हो म्हणलं. कागद आता आम्ही रोज चांगला नाही वापरत, सरावाला एका प्रिंटिंग प्रेसमधून कटिंगचे उरलेले तुकडे आणतो, एका बाजूला कोरे असले की झालं. मे महिना थोडा तंगीतच गेला.

आणि मागच्या मंगळवारी ताई परत आल्या. सीझन संपला, म्हणाल्या. हातात कात्रणांची ही मोठी पिशवी, ब्रश पुसायला, आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी. सरांना म्हणाल्या आज माझी साडी लावा. उघडली तर करवतकाठी, आईची आहे म्हणाल्या, आपल्या विदर्भातलीच, अंग टसर सिल्कचं आणि काठ कॉटनचा, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी म्हणून ते नाव. ती खुर्चीवर टाकली आणि आम्ही सगळे पुढे सरकलो, कारण एकाच कापडात दोन्ही होतं. मधलं टसर घसरत वळत खाली येत होतं आणि काठाशी पोचलं की तीच वळी एकदम मोडत होती. दादा पण होते त्या दिवशी, हात न धुता तसेच बसले. मी चारकोल घेतला आणि काठापासून सुरू केलं. ताईंनी एकदा माझ्या कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या खिशातला टेलरिंगचा निळा खडू काढून माझ्या हातात दिला आणि बोटानी साडीवर एक जागा दाखवली, काठाच्या अगदी वर, दोन बोटं रुंदीची.

"इथे," म्हणाल्या, "इथे वळून राहिलं का मोडून राहिलं, ते आधी ठरवा."

मी साडेआठपर्यंत तेवढीच दोन बोटं काढली.